पिशवीला वार कळतात?

कोपरीच्या आवडाबाईचा स्वभावच तसा. एखादी गोष्ट का झाली ते कळेपर्यंत तिला चैन पडायची नाही. बाजारात गिऱ्हाईक मासळी हातात घेऊन परत ठेवून गेलं, तर ही त्याला हाक मारून कारण विचारणार! आणि आता तर कोडं घरातच होतं, नवऱ्याच्या पोटावर.

गोमाजीच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी शौचासाठी पोटावर नवी वाट काढून पिशवी लावली. माणूस वाचला, हे काय थोडं झालं? पण पिशवीची चिकट चकती सुटायची, आतलं कातडीवर पाझरायचं आणि अशी आग व्हायची, की वादळात होडी हाकलेला हा गडी कळवळायचा. मग त्याने स्वतःच उपाय काढला. जेवायचंच कमी, म्हणजे पिशवी भरायलाच नको! अर्धी भाकर ताटात टाकून उठायचा. गळ्याची हाडं वर आली. ऑपरेशनातून वाचलेला माणूस उपासाने जातोय, या धास्तीने आवडाबाईचा जीव अर्धा झाला.

"बघू दे मना."

"जत्रा हाय काय बघायला?"

"जत्राच हाय. काढ बंडी!"

तिने निरखून बघितलं. लाल चट्टा चकतीभोवती सगळीकडे नव्हताच. खालच्या अंगाला, तोही आडव्या रेघेत. असं का? आणि सोमवारी, ती घरी असते तेव्हा, चकती दिवसभर टिकते. बाजाराच्या दिवशी मात्र दुपारपर्यंत सुटलेली. आता पिशवीला काय वार कळतात?

एक दिवस तिने मासळीची पाटी बाजारात शेजारी बसणाऱ्या तुळसाच्या हवाली केली आणि सकाळीच घरी परतली. बघते तर गोमाजी जमिनीवर, पायाच्या अंगठ्याला जाळं अडकवून, पार वाकून ते सांधतोय! तिची पाठ वळली की रोज हाच उद्योग.

"बसून खायाची लाज वाटते गं," तो चाचरत म्हणाला.

शिव्या तिच्या ओठांवर आल्या होत्या. पण नजर पोटावर गेली. वाकल्यावर पोटाला खोल घडी पडली होती, नेमकी चकतीच्या खालच्या कडेवर, आणि कड उचकटली होती.

"हलू नको! तसाच बस!" ती गुडघ्यावर बसून बघतच राहिली. "गावलं रे गावलं!"

हॉस्पिटलातल्या सरोज नर्सने ऐकून घेतलं आणि गोमाजीला खुर्चीत वाकून बसवलं. खाटेवर झोपवून माप घेतलं तेव्हा पोट सपाट होतं, म्हणाली, ही घडी दिसलीच नव्हती. तिने घडीच्या खाचेत चिकट मलम भरलं, कातडी ताणून नवी चकती लावली आणि जाळं खुंटीला टांगून उभ्यानेच सांधायला सांगितलं.

चकती टिकू लागली, चट्टा सुकत आला. तरी गोमाजी ताटावर बसेना.

"अरे, नर्स बोलली ना, जेवायला बसलास तर चालतं?"

"परत घडी पडली तर?"

उभ्याने खाणाऱ्याला आवडाबाई आजवर घोडा म्हणत आली होती. तिने त्याच्या गळ्याच्या हाडांकडे बघितलं. त्याचं ताट उचलून त्याच्या हातात दिलं, आपलं घेतलं आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"साहेबलोकांच्या लग्नात असंच जेवतात," ती म्हणाली. "घाल तोंडात."

गोमाजीने अख्खी भाकर संपवली आणि ताट पुढे केलं.