अस्वल कोणाचं

नूतनला कशीबशी एक दिवसाची सुट्टी मिळाली होती आणि ती झोपून काढायची, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. गडचिरोलीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ती आरोग्यसेविका होती. लसीकरणाची मोहीम नुकतीच आटोपली होती, गावोगाव फिरून टाचा भेगाळल्या होत्या. पण नेमका त्याच वेळी पुण्याहून राजदीप आला.

राजदीप तिचा धाकटा भाऊ. एकेचाळीस वर्षांचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. एरवी त्याला आईला फोन करायला सवड होत नसे, पण दोन-तीन वर्षांतून एकदा आपल्या मातीची आठवण त्याला अशी दाटून यायची, की घरचे सगळे कामाला लागायचे. या वेळी त्यानं भाड्याची गाडी आणली होती. "ताई, काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं," असं म्हणून त्यानं बहिणीला सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीच जंगलाकाठच्या एका रिसॉर्टवर नेलं. पहाटे उठवून सफारीच्या जिप्सीत बसवलं. वाघ काही दिसला नाही. चितळं दिसली. ती नूतनला ड्युटीवर जाताना रोजच दिसत. त्यांचेही त्यानं दीडशे फोटो काढले आणि प्रत्येक फोटो तिला दाखवला.

"आता घरी जाऊ," नाश्ता झाल्यावर ती म्हणाली.

"घरी? खरं सरप्राईज तर अजून बाकी आहे."

सरप्राईज म्हणजे रिसॉर्टला लागूनच असलेला मोहाची दारू गाळायचा कारखाना. तिथं दारात दोघांच्या गळ्यात हिरवे एप्रन अडकवले, तेव्हा कुठे नूतनला कळलं, की आपण कॉकटेल बनवायच्या वर्गाला आलो आहोत.

"राजदीप, तुले काही समजते का? दारूबंदीच्या जिल्ह्यातली नोकरी हाय माह्यी. गावागावात बायकांच्या सभेत मी दारू सोडा म्हणून सांगते."

"पण हा चंद्रपूर जिल्हा आहे ना. इथं चालतं."

"मले नाई चालत."

"तू पिऊ नको ग. तुझ्यासाठी बिनदारूचं सांगितलंय. हा आपला वारसा आहे, ताई. मोह म्हणजे आपलं बालपण."

'आपलं' या शब्दानं तिच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. पण आजूबाजूला लोक जमले होते. नागपूरच्या तिघी मैत्रिणी होत्या, हैदराबादचं एक जोडपं होतं. चारचौघांत भावाशी भांडायला नको म्हणून ती आपल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

शिकवणारा स्वतःला हॅरी म्हणवत होता. तो मूळचा पोंभुर्ण्याचा हरिदास. आठ-दहा वर्षं गोव्याच्या हॉटेलांत काढून परत आला होता आणि हिंदी, इंग्रजी, मराठी अशी तीन भाषांची मिसळ बोलत होता. काचेपलीकडे तांब्याची मोठी भट्टी चकाकत होती. प्रत्येकाच्या टेबलावर बर्फाचा डबा, झाकणाचा स्टीलचा पेला, लिंबं, चिंचेचा कोळ, गुळाचा पाक आणि मोजायची छोटी वाटी ठेवली होती.

"ढक्कन टाइट बंद करायचा और कंधे के ऊपर हलवायचा," हरिदासनं दाखवलं. "ताई, जोर से! बाळाले खेळवल्यासारखं नाई!"

नूतननं जोर लावला. झाकण उडालं. चिंच, गूळ आणि बर्फ असं सगळं उडून हैदराबादच्या गृहस्थांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेलं. ते बिचारे "नो प्रॉब्लम, नो प्रॉब्लम" म्हणत राहिले, त्यांची बायको कागदी रुमालानं डाग आणखी पसरवत राहिली आणि राजदीपनं मदतीला यायचं सोडून त्याचा व्हिडिओ काढला.

"तो मोबाईल ठेव," नूतन दातांवर दात ठेवून म्हणाली.

"अगं, मजा म्हणून घे ना. तू किती टेन्शनमध्ये असतेस."

नूतनला रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी उठवायला येणाऱ्यांचा कधी एवढा राग आला नव्हता.

मग हरिदासनं प्रत्येकापुढं वाळलेल्या मोहफुलांची एक वाटी ठेवली. डोळे मिटायचे, वास घ्यायचा आणि जे आठवेल ते सांगायचं. नागपूरच्या एकीला मनुका आठवल्या. हैदराबादच्या बाईंना आजीचं कपाट आठवलं. नूतननं वास घेतला, आणि तिला खरोखरच काही आठवलं. पण ती तोंड उघडायच्या आत राजदीप बोलायला लागला.

"मी सात वर्षांचा होतो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "चैत्राचे दिवस. पहाटे अंधारात मी मोह वेचायला गेलो होतो. टोपली अर्धी भरली होती. मागं फूं फूं आवाज आला. वळून बघतो, तर अस्वल."

नागपूरच्या तिघींनी एकदम श्वास रोखला.

"मी पळालो नाही. झाडाला पाठ लावून उभा राहिलो. अस्वल माझ्या टोपलीतली फुलं खात होतं, इतकं जवळ, की त्याच्या नाकपुड्यांचा वारा माझ्या पायाला लागत होता. आजही मोहाचा वास आला, की माझ्या घोट्यावर तो वारा जाणवतो."

टाळ्या पडल्या. एकीनं तर डोळे पुसले. नूतन वाटीवर नाक नेऊन तशीच उभी होती.

तो वारा तिच्या घोट्याला लागला होता. ती दहा वर्षांची होती, झाड शेजारच्या मुखरूच्या शेताच्या बांधावरचं होतं, आणि राजदीप त्या झाडाच्या अर्ध्या कोसातही नव्हता. आधी तिला वाटलं, हा गंमत करतोय. मग वाटलं, पाहुण्यांवर छाप पाडायला थाप मारतोय. पण तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की हा खोटं बोलत नाही. ह्याला खरंच वाटतंय, की अस्वल ह्याच्याजवळ आलं होतं. म्हणून तर तिचं डोकं जास्त फिरलं. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं.

गप्प बसू, असं तिनं ठरवलं आणि शेवटपर्यंत गप्प बसलीही असती. पण वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या मनानं एक पेय बनवायचं होतं. राजदीपनं मोहाच्या दारूत चिंच, मिरं आणि जळक्या पानाचा धूर असं काहीतरी केलं. हरिदासनं चव घेतली, टेबलावर थाप मारली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'राजदीपचं अस्वल'.

"सर, हे आमच्या मेनूत टाकून राह्यलो. तुमच्या पूर्ण स्टोरीसहित. छापूनच टाकतो कार्डावर."

"छापू नका," नूतन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"ते अस्वल त्याचं नोहोय. माह्यं होय."

राजदीप हसला. "ताई, तूही होतीस, मला आठवतं ना. तू झाडामागं होतीस आणि मी टोपलीपाशी."

"तू घरी होता. तुले गोवर निघाली होती."

"गोवर? काहीतरीच काय. मला तर एकेक गोष्ट आठवते."

"तुले आठवते, कारण मी तुले सांगितली! रोज रात्री सांगितली!"

"थांब, आईलाच विचारू." आणि ती नको नको म्हणेपर्यंत त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकलासुद्धा.

आईनं, म्हणजे बायनाबाईंनी, आधी दोघं जेवली का ते विचारलं. मग वाघ दिसला का ते विचारलं. मग राजदीपला उन्हात फिरू नको म्हणाल्या. हैदराबादचं जोडपं आदरानं ऐकत उभं होतं. शेवटी एकदाचा अस्वलाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला.

"मोहाखाली अस्वल आलं होतं, ते? ते तं नूतनपाशी आलं होतं. राजूले गोवर होती तवा. निंबाच्या पाल्यावर निजवलं होतं त्याले."

नूतननं भावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण रिकामं झालं होतं.

"पण काऊन विचारून राह्यले?" बायनाबाई म्हणाल्या. नूतननं थोडक्यात सांगितलं. बायनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग : "असू दे न व, नूतन. म्हणू दे त्याले. तुह्यं काय जाते? लहान हाय तो."

"आई, एकेचाळीस वर्षांचा हाय तो!"

"तुह्यापेक्षा तं लहानच हाय न बाप्पा."

नूतननं फोन हिसकून बंद केला. रागानं तिला रडू येईल असं वाटत होतं, आणि चिंचेनं चिकटलेल्या एप्रनात रडायचं नाही म्हणून ती फळ्याकडे बघत राहिली.

इतक्यात राजदीपनं घसा खाकरला. "मित्रांनो, मला एक दुरुस्ती करायची आहे," तो म्हणाला. "ती गोष्ट माझ्या ताईची आहे. ती दहा वर्षांची होती. एकटी. समोर अस्वल, आणि ही वाघीण हातात काठी घेऊन त्याच्यावर धावून गेली..."

"कोणती काठी?" नूतन ओरडली. "काठी कुठून आली आता? अरे, तुले सरळ काही सांगताच येत नाई का?"

मग तिनंच सांगितलं. तिथं उभ्या-उभ्या, कुणी विचारलं नसताना.

"इतर पोरींच्या आधी फुलं मिळावी म्हणून मी अंधारातच गेली होती. अस्वल आलं, तवा माह्ये पाय गळाले. मी शूर-बीर काही नव्हती. पळता आलं असतं तं पळालीच असती. उभ्या जागी लघवी झाली मले. त्यानं टोपलीतली फुलं खाल्ली, अन् गेलं. मग मी उरलेली फुलं वेचली. कारण रिकामी टोपली घेऊन गेली, तं आई रागावली असती. अर्धी नेली तरी रागावलीच. अस्वल आलं म्हणून सांगितलं, तं आई आज हो म्हणते, पण तवा म्हणे कामचुकारपणा करून राह्यली, म्हणून अस्वल सांगते. मग मी कोणालेच नाई सांगितलं. ह्याले सांगितलं फक्त. हा गोवरात पडून होता. दुसरं कोणी ऐकाले नव्हतं."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. नागपूरच्या मैत्रिणींपैकी एक नुसतीच पुढं आली आणि तिनं नूतनला पाण्याचा ग्लास दिला. हरिदासनं फळ्यावरचं राजदीपचं नाव हातानंच पुसलं. त्याच्या तोंडातली ती मिसळ भाषा गेली होती.

"बाई, तुमचं नाव लिहू का? नूतनबाईचं अस्वल?"

"दारूले माह्यं नाव? माह्या नोकरीवर उठले का तुम्ही?"

हरिदासनं अस्वलही पुसून टाकलं.

निघताना प्रत्येकाला आपापल्या पेयाची सीलबंद बाटली भेट मिळाली. दारूची बाटली घेऊन वैनगंगेपलीकडे, दारूबंदीच्या जिल्ह्यात, जाता येणार नाही, हे राजदीपला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा नूतननं ती त्याच्या पिशवीतून काढली आणि सदऱ्याच्या डागाबद्दल माफी मागून हैदराबादच्या गृहस्थांना देऊन टाकली. राजदीपनं दोन पेले रिचवले होते, त्यामुळे गाडी तिलाच चालवावी लागली. तिच्याकडे लायसन होतं, सवय नव्हती.

"क्लच," राजदीप म्हणाला. मग "गिअर". मग "ताई, ट्रक, ट्रक". मूल गावाच्या अलीकडे तिनं गाडी धानाच्या बांध्यांना लागून उभी केली, त्याला उतरवलं आणि मागच्या सीटवर बसवलं. तोंड मिटून बसायची अट घातली.

मूल गाव गेलं, राइस मिलची धुरकट चिमणी मागं पडली. मग मागून आवाज आला. त्यात पुणं नव्हतं.

"ताई, ते अस्वल मी माह्या पोरांले सांगितलं हाय. ऑफिसात सांगितलं. नोकरीच्या मुलाखतीत पण सांगितलं होतं."

"बरं केलं."

"आता माह्यापाशी त्या वर्षीचं काहीच नाई राह्यलं. त्या गोवरात मी काय करत होतो?"

नूतनला आधी वाटलं, उत्तरच देऊ नये. समोरून एक बैलगाडी येत होती. तिनं वेग कमी केला, बैलगाडी जाऊ दिली.

"रडत होता. अंगाले खाज सुटायची म्हणून रडायचा. अन् तुले औषधासंग गुळाचा खडा भेटे. मी अस्वलाचं सांगितलं, त्या रात्री तू तो खडा तोंडातून काढला, अन् मले दिला. म्हणे, 'घे, तू भेली असशीन.' उष्टा, चिकट, अन् तू गोवरवाला. तरी खाल्ला मी."

तिनं आरशात पाहिलं. राजदीप कपाळाला आठ्या घालून, फार मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता.

"नाई," तो शेवटी म्हणाला. "गूळ काही आठवत नाई मले."

"अस्वल आठवते!" नूतन ओरडली, आणि स्टिअरिंगवर तिचा हात एवढ्या जोरात आपटला, की हॉर्न वाजला आणि पुढचा सायकलवाला दचकून बाजूला झाला. "जे तुह्यं नाई, ते बरोब्बर आठवते!"

सायकलवाल्यानं वळून शिवी हासडली. ती कोणाला दिली, यावरून दोघा बहीणभावांचं सावली गाव येईपर्यंत भांडण चाललं.