सही राहिली

आमच्या वॉर्डात एक काम माझ्याकडे होतं, जे बाकीच्या सिस्टर टाळायच्या. आजार बरा होण्यातला नाही, हे ज्यांना कळून चुकलंय त्यांच्याजवळ बसायचं आणि विचारायचं. हृदय थांबलं तर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचं का? श्वास अडला तर घशात नळी घालून मशीन लावायचं का? उत्तरं एका पिवळ्या कागदावर लिहायची, पेशंटची सही घ्यायची आणि मग डॉक्टरांची. डॉक्टरांची सही झाली की तो कागद आदेश होतो. ड्युटीवर कोणीही असो, त्याप्रमाणेच वागायचं. सही नसेल तर ती एका माणसाची नुसती इच्छा.

वॉर्डातल्या पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फुप्फुसं पार कामातून गेली होती, पण जीभ शाबूत होती. मी दोन्ही प्रश्नांपुढे 'नको' लिहून कागद त्यांच्यापुढे धरला, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सिस्टर, तुमचं 'नको' फारच लाजाळू आहे हो. पाटी लांबून वाचता आली पाहिजे."

मी हसले आणि ते गिरवून ठळक केलं.

"बायको सतरा दिवस मशीनवर होती," दम खात खात ते म्हणाले. "डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होती. जन्मभर अक्षरं काढली मी, पण तिचं काही मला वाचता आलं नाही. माझ्या मुलीवर ती पाळी नको."

"मुलीला सांगितलंत का हे?"

"परवा येतेय ती. समोर बसवून सांगीन. असलं फोनवर बोलवत नाही."

त्यांनी सही केली. काय देखणी सही होती!

डॉक्टर तेव्हा तीन खाटांपलीकडे उभे होते. दहा पावलं. पण सकाळीच एका इंजेक्शनच्या वेळेवरून त्यांचं आणि माझं वाजलं होतं. सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "वीस वर्षं नोकरी करून एवढंही कळत नाही?" चूक माझी नव्हती. मनात म्हटलं, या माणसाचं तोंडही बघायचं नाही आज. उद्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई असतील, त्यांची सही घेऊ. कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, डॉक्टरीणबाई राउंडला यायच्या आतच, नाश्ता करता करता पेंटरकाका कोसळले. कोणीतरी हाक मारली, सगळे धावले. मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होत्या. एक बरगडी मोडली. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल.

मी बोलायला हवं होतं. 'थांबा, यांना हे नको होतं,' एवढंच. बिनसहीच्या कागदावर त्या थांबल्या असत्या की नाही, देव जाणे. पण मी तोंडच उघडलं नाही. कारण लगेच विचारलं गेलं असतं, कालचा कागद खणात काय करतोय? मी औषधाचा ट्रे धरून उभी राहिले.

काकांचं हृदय पुन्हा सुरू झालं. घशात नळी, शेजारी मशीन. शुद्धीवर आल्यावर त्यांनी नळी उपसायचा प्रयत्न केला, म्हणून मनगटं खाटेला बांधली. ती मीच बांधली. ते माझ्याकडे बघत होते. मी गाठीकडे बघत राहिले.

आम्ही कळवलं म्हणून मुलगी त्याच संध्याकाळी आली. माझ्याच वयाची, प्रवासाने चुरगळलेली. तिने विचारलं, "सिस्टर, अप्पा काही बोलले होते का? म्हणजे हे असलं झालं तर काय करायचं, याबद्दल?"

"फाइल बघावी लागेल, ताई," मी म्हणाले.

दोन दिवस मी फाइलच बघत होते! घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. नवरा म्हणाला, "काय झालंय तुला?" मी त्याच्यावरच खेकसले. तिसऱ्या दिवशी कामावर गेले, तर ताई वडिलांच्या बांधलेल्या हातांच्या बोटांना मलम चोळत बसली होती. तिथून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. आज तेच होते, माझ्याशी भांडलेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तारीख वाचली. "मी त्या दिवशी वॉर्डातच होतो."

"हो. तुमचा राग आला होता, म्हणून आले नाही."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, इतकंच. "चला, मुलीला सांगू. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. काही लपवलं नाही. ताईने कागद दोनदा वाचला. आवाज न चढवता म्हणाली, "तीन दिवस मी त्यांना म्हणतेय, अप्पा, धीर धरा. आणि हे तुमच्या खणात होतं?"

"हो, ताई."

"तुम्ही माझ्यासमोर त्यांना औषधं देत होतात."



डॉक्टरांनी काकांचा उजवा हात सोडला, त्यांना सगळं नीट समजावलं आणि पुन्हा विचारलं. मशीन काढलं तर कदाचित काही तासच मिळतील, हेही सांगितलं. काकांनी खुणेने पेन्सिल मागितली. अक्षरं थरथरत होती, पण कोणालाही वाचता आली असती : 'काढा.' मग मुलीकडे पाहून खाली लिहिलं, 'तू रडलीस तर चालेल.' डॉक्टरांनी तिथेच, खाटेच्या कडेला कागद टेकवून सही केली.

नळी काढल्यावर काका दीड दिवस जगले. दुखू नये, धाप लागू नये म्हणून औषध चालू होतं. बापलेक बोलत असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "काका, सही माझ्यामुळे राहिली."

"पोरीने सांगितलं." आवाज घोगरा, जेमतेम. "छाती फार दुखते, सिस्टर."

मला वाटलं, पुढे काहीतरी म्हणतील. त्यांनी डोळे मिटले. दुपारी मुलीचा हात हातात असताना ते गेले.

मी मेट्रनना सगळं लेखी दिलं. माझी एक पगारवाढ रोखली आणि सक्त ताकीद मिळाली. जाताना ताई मला जिन्यात भेटली. म्हणाली, "मी तक्रार करणार नाही. दीड दिवस मिळाला, तो तुम्ही बोललात म्हणून मिळाला, हे कळतं मला. पण माफ केलं असं म्हणवत नाही." मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाले, तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

आता आमच्याकडे नियमच झालाय : पेशंट आणि डॉक्टर, दोघांच्या सह्या एकाच बैठकीत, खाटेजवळ. डॉक्टर कितीही घाईत असले तरी मी त्यांना अडवते. नव्या मुली आल्या की मेट्रन त्यांना सांगतात, "या सिस्टरकडून शिका, कागदाच्या बाबतीत भारी पक्क्या आहेत." मुली माझ्याकडे आदराने बघतात. दर वेळी वाटतं, त्यांना सांगून टाकावं. अजून एकीलाही सांगितलेलं नाही.