तळातलं सिमेंट

“बूट इथंच काढा हं मॅडम. वॉर्निश नवीन आहे, ओरखडे पडतात,” मालकीणबाईंनी टोपली पुढे केली.

ज्या डेकवर मी एकोणीस वर्षं चिखलाचे बूट घालून वावरले, त्या डेकवर आज नुसत्या मोज्यांनिशी चढले. नियम म्हणजे नियम.

ही ‘लिडिया मे’. इमारती लाकडाच्या एका धनिकाने बायकोच्या नावाने बांधलेली लाकडी मोटरयॉट, मौजेची बोट, आता शंभरीला टेकलेली. आज युनियन तलावाच्या धक्क्यावर जुन्या बोटी लोकांना बघायला खुल्या होत्या आणि अर्धं सिअ‍ॅटल तिच्या पितळेत आपलं तोंड बघून घेत होतं. मला पितळेचं कौतुक नव्हतं. मला फळ्यांखालचं, तळातलं सिमेंट बघायचं होतं.

आम्ही तिला घेतलं तेव्हा तिला कुणी फुकट घेत नव्हतं. माझा नवरा व्हर्न मासेमारीची जाळी दुरुस्त करायचा. त्या पगारात घर मिळालं नसतं, बोट मिळाली. एका नोव्हेंबरात इंजिनापाशी फळ्यांचे सांधे उघडले आणि पाणी आत यायला लागलं. बोट गोदीत चढवायची तर पैसे कुठून आणणार? व्हर्नने आमच्या लेकाच्या, डेलच्या आंघोळीच्या टबात झटपट सुकणारं सिमेंट कालवलं आणि तळात ओतलं. “शहाणी माणसं असं करत नाहीत,” तो म्हणाला. “पण शहाण्या माणसांकडे पैसे असतात.”

डेल तेव्हा दोन वर्षांचा होता. आमची पाठ वळली तेवढ्यात तो खाली उतरला आणि ओल्या सिमेंटमध्ये त्याने डावा पाय रोवला. व्हर्न तो ठसा लिंपायला निघाला होता, मी त्याचा हात धरला.

पाचव्या वर्षी डेल मेंदूज्वराने गेला. फोटो आहेत त्याचे, पण फोटोत हाताचं बोट घालता येत नाही. त्या पावलात येत होतं. पुढे व्हर्नचे गुडघे गेले आणि बोट विकावी लागली, तेव्हा ते पाऊल तिथंच राहिलं. मग व्हर्नही गेला. डेलचं नाव ज्याच्यासमोर घ्यावं असं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून आले होते. एकदा हात लावायचा, आणि मालक भला असेल तर तेवढा तुकडा मागायचा.

मालक भला निघाला. कर्टिस प्रूइट नाव. दातांचा डॉक्टर, निवृत्त झालेला. आतल्या दिवाणखान्यात तो सात-आठ जणांना बोटीचा इतिहास सांगत होता.

“युद्धात नौदलाने हिला राखाडी रंग फासून गस्तीला जुंपलं. त्यानंतर मात्र हिच्यामागे साडेसाती लागली. कुणाकुणाच्या हाती पडली, देव जाणे. एका महाभागाने तर तळात सिमेंट ओतून ठेवलं होतं!”

“लाकडी बोटीत सिमेंट?” टोपीवाले एक गृहस्थ म्हणाले.

“चाळीस वर्षं लोकांचे दात भरले मी, पण असली भरणी नाही केली कधी.”

सगळे हसले. मीही हसले. व्हर्न असता तर सगळ्यात मोठ्याने हसला असता.

“ते सिमेंट आहे का अजून?” मी विचारलं.

“छे हो. महिनाभर छिन्नी-हातोडा घेऊन मीच फोडलं. खांदे कामातून गेले.”

“मग टाकलं कुठं?”

“कचऱ्याच्या गाडीत. दुसरं काय करणार त्याचं?” मला रस आहे असं वाटून त्याने पायाखालची एक फळी उचलली. “या, बघा की.”

मी कशीबशी गुडघ्यांवर बसले. तळ पांढऱ्या रंगाने रंगवलेला होता आणि कोरडा ठणठणीत होता. सकाळी उठून पाणी उपसायचं, मग चहा, यात व्हर्नचा जन्म गेला. त्या जागेवरून मी हात फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं.

“सिमेंट काढलं तर बोट हलकी होऊन डोलायलाच लागली,” कर्टिस कौतुकाने म्हणाला. “मग तेवढ्याच वजनाचं शिसं ठेवावं लागलं.”

“तो महाभाग माझा नवरा,” मी म्हणाले. “व्हर्न टोलेफसन. मी आर्डिस. एकोणीस वर्षं राहिलो आम्ही हिच्यात.”

कर्टिसचे कान लाल झाले. “मॅडम, माफ करा. माझ्या जिभेला हाड नाही.”

“असू द्या. खुळा तर तो होताच, माझ्याशी लग्न केलं ना त्यानं. पण ते सिमेंट नसतं तर तुम्हाला वॉर्निश लावायला बोट उरली नसती.”

त्याने मला हात देऊन उठवलं, कोचावर बसवलं, कॉफी मागवली. “तुमचं काही राहिलं होतं का हिच्यात? जुन्या कड्या, दिवे, सगळं जपून ठेवलंय मी. काहीही असलं तरी सांगा.”

शब्द अगदी ओठांवर आले. पण छिन्नी याच्याच हातात होती. सांगितलं असतं तर ती त्याच्या कानात जन्मभर वाजली असती. आणि पाऊल काही परत येणार नव्हतं.

“काही नाही,” मी म्हणाले. “भांडीकुंडी नेली होती आम्ही.”

मी धक्क्यावर उतरले. पुढचे लोक आत गेले होते. खिडकी उघडी होती, कर्टिसचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“आणि आता हिला ज्यांनी वाचवलं त्यांचं सांगतो. व्हर्न आणि आर्डिस टोलेफसन. बोट बुडत होती, तेव्हा त्या माणसाने तळात सिमेंट ओतून तगवली तिला. एकोणीस वर्षं संसार केला इथं.”

ऐकायला मी खिडकीखाली थांबले.

“मुलंबाळं?” कुणा बाईने विचारलं.

“नाही,” कर्टिस म्हणाला. “दोघंच होते ते.”

मी परत वर चढायला गेले, तर रांगेतल्या पुढच्या बाईने सौम्यपणे हाताने मागे खूण केली. “आजी, रांग तिकडून आहे.”

रांग पार फाटकापर्यंत गेली होती. मी जाऊन तिच्या शेवटी उभी राहिले. पावलाचं काही सांगायचं नव्हतं. तिघं होतो, एवढंच सांगायचं होतं.