हात आहे का?

चौदा वर्षं मावशी एकच खोटं बोलत आली होती, आणि त्या खोट्यावर शेकडो माणसं तरंगली होती. शिकणाऱ्याला पाण्यावर उताणं झोपवायचं, पाठीखाली हात धरायचा आणि गप्पा मारता मारता हळूच काढून घ्यायचा. "मावशी, हात आहे ना?" असा घाबरा प्रश्न आला की बिनदिक्कत सांगायचं, "आहे हो, जातोय कुठे!" तोवर माणूस आपला आपण तरंगत असायचा. पोहण्याच्या तलावावर थोरामोठ्यांपासून पोराटोरांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत, आणि मावशीच्या हाताखाली कुणी बुडत नाही असंही म्हणत.

मग नियम आला. नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून प्रमाणपत्र नसलेल्या कुणीही शिकणाऱ्यांबरोबर पाण्यात उतरायचं नाही. व्यवस्थापकांनी मावशीसाठी टॉवेल वाटायची खिडकी मोकळी ठेवली होती. वर "बसून काम आहे, आराम पडेल," असंही म्हणाले. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. काठावर कोरडं बसून टॉवेल वाटण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, आणि घरी बसली तर ती चार दिवसांत वेडी झाली असती.

तिने जीव तोडून दोन महिन्यांचं प्रशिक्षण केलं. बुडणाऱ्याला ओढून आणणं, छाती दाबणं, लेखी पेपर, सगळ्यात पास. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. पुस्तकात लिहिलं होतं की आधार काढण्याआधी शिकणाऱ्याला तसं सांगायचं, आणि त्याने हो म्हटलं तरच काढायचा. पहिल्या परीक्षेत तिच्या वाट्याचा माणूस झकास तरंगला, पण मावशीच्या तोंडून निघून गेलं, "आहे हो हात." परीक्षक डोक्याशीच उभे होते. नापास. दुसऱ्या वेळी ओठ गच्च मिटून गेली, तरी तेच झालं. आता तिसरी संधी, आणि तीच शेवटची.

आदल्या संध्याकाळी लेकीने तिची तालीम घेतली. लेक स्वयंपाकघरातल्या फरशीवर उताणी झोपली आणि मावशीने तिच्या पाठीखाली हात घातला.

"आता म्हण, मी हात काढतेय, चालेल का?"

"असं विचारत बसलं तर कोण हो म्हणणार आहे? तुलासुद्धा मी न सांगताच शिकवलं ना?"

"हो ना," लेक छताकडे बघत म्हणाली. "मी विचारलं, तू आहे म्हणालीस. मान वळवली तर तू पार काठाशी उभी. त्यानंतर मी कधी पाण्यात उतरले का गं, आई?"

नव्हती उतरली. लेकीला पाणी मानवत नाही, असं मावशी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होती. तिचा हात तसाच लेकीच्या पाठीखाली राहिला.

परीक्षेला तिच्या वाट्याला आल्या गणिताच्या एक निवृत्त बाई. छातीएवढ्या पाण्यात काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभ्या. "आयुष्यभर पोरांना नापास केलं, आज माझी पाळी," असं म्हणून हसल्या, पण दांडा काही सोडेनात. वीस मिनिटांत त्यांना दहा सेकंद बिनआधाराचं तरंगवायचं होतं. हात सोडला की मावशीने दोन्ही हात वर करून दाखवायचे. या वेळी परीक्षक तिघा परीक्षार्थींवर एकदम नजर ठेवत समोरच्या काठावर उभे होते.

दांडा सोडवण्यातच बारा मिनिटं गेली. बाई कशाबशा उताण्या झाल्या.

"मी हात काढतेय. चालेल?"

"नको! अजिबात नको!"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा धावत होता. मावशीने श्वास घ्यायला लावला, मान सैल करायला लावली, पुन्हा विचारलं. नको. पुन्हा विचारलं. नको. हळूहळू पाठ मऊ झाली आणि तळव्यावरचं वजन गेलं. बाई तरंगत होत्या. हाताला उचलायला काही उरलंच नव्हतं, आणि हे जगात फक्त त्या हाताला कळत होतं.

तीन मिनिटं उरली. म्हणा हो एकदा हो, मावशी मनातल्या मनात बाईंच्या पाया पडत होती. पलीकडे मुलांच्या वर्गाचा इतका गोंगाट होता की परीक्षकांना शब्दही ऐकू गेला नसता. दोन वर केलेले हात तेवढे दिसले असते. तिची करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट.

"तुम्ही काढणार," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "सगळे काढणार नाही म्हणतात आणि काढतात."

मावशीला फरशीवर झोपलेली लेक दिसली. तिने दोन्ही बोटं पुन्हा पाठीला टेकवली.

"तुम्ही सांगाल तेव्हाच काढीन," ती म्हणाली.

शिट्टी वाजली. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढचा नंबर पुकारला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वेळ संपली."

"म्हणजे तुम्ही नापास?"

"हो."

"आणि हात?"

"आहे."

बाईंनी दोन्ही हात पाण्यावर पसरले.

"मग काढा आता," त्या म्हणाल्या.

मावशीने हात काढला. परीक्षेत ठरलं होतं तसे दोन्ही हात पाण्याबाहेर वर धरले. परीक्षक पाठमोरे झाले होते. एक, दोन, तीन, ती मोजू लागली. सातावर बाईंच्या पापण्या थरथरल्या.

"हात आहे का?"

चौदा वर्षांचं उत्तर जिभेवर आलं, ते तिने गिळलं.

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तरंगत राहिल्या.

दहा आकडे कधीच होऊन गेले. मावशीला रडू आवरत नव्हतं, आणि दोन्ही हात वर असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते.