पदराची पिन

पिन गंजकी होती आणि हनुवटीखाली टोचत होती — सासूनं, दुर्गाबाईनं, सकाळी पदर दोन्ही गालांवरून ओढून स्वतःच्या हातानं लावलेली. "झाकून राह्य वो बाई, लोकं पाह्यतात." पाह्यतात तर पाहू देत की! पण शब्द तोंडातच राहिला, आणि पंचफुला अकोल्याच्या जठारपेठेतल्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसली, मुठीत गिरणीचं विमा कार्ड धरून. कातडी जोडणारा सर्जन आज इथे येतो, असं कळलं होतं.

स्टोव्ह भडकला त्याला वर्ष झालं. जखम भरली, पण मानेची कातडी आखडत गेली, हनुवटी छातीकडे ओढली गेली... गिरणीत वरच्या रिळाचा धागा तुटला तर तिला दिसतच नाही. खात्याचा मुकादम, जॉबर चंद्रभान, बोललाच होता, वर पाहता येत नसेल तर घरी बस. घरी बसून काय, सासूच्या पिनेत जन्म काढायचा?

अमरावतीचे दोन डॉक्टर करून झाले. एकानं कार्ड पाहताच हात झटकले. दुसऱ्यानं पदराच्या फटीतून गालाकडे नजर टाकली आणि म्हणाला, विम्यावर शोभेचं काम होत नाही. शोभेचं! बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत ती रडत आली होती... आणि आत्ता, पिन टोचत असताना, तिला एकदम उमगलं — मान त्यानं पाहिलीच कुठं? मान तर पदरात होती. आपणच झाकून बसलो, शहाण्या सुनेसारख्या, मुक्या! अगं येडे... स्वतःचाच असा संताप आला की कानशिलं तापली.

"पंचफुलाबाई! विम्यावाली का तुमी?" नर्स दारातून म्हणाली. "डॉक्टर आज खाजगीच पेशंट पाहून राहिले."

"कार्ड चालते म्हणून गिरणीच्या हापिसानं सांगतलं मले. चालत नसंल, तर डॉक्टरच्याच तोंडून आयकीन."

नर्स आत गेली.

पंचफुलानं पिन काढली. पदर खांद्यावर पडला, उघड्या मानेला पंख्याचा वारा लागला, आणि समोरच्या बाईनं चटकन तोंड फिरवलं. फिरव बाई, तुझी मान फिरते! आत्ता डॉक्टर दार उघडेल. आधी ही मान पाहील, मग कार्ड, आणि मग काय ते म्हणेल. नाही म्हणाला तर नागपूर, तिथं नाही तर मुंबई — मान खाली घालूनच जायचंय ना, जाऊ की! पिन तिनं बाकाखाली टाकून दिली.