लाइपझिगला जाऊन आलेला कुकर

मित्रांनो, महागावातल्या बबनरावांच्या घरी कधी आलात, तर गॅसच्या शेगडीवर तुम्हाला काळपट बुडाचा एक कुकर दिसेल. तो मी. माझ्या दांड्याचा तुकडा उडालेला आहे आणि झाकणाला पोचा पडलेला आहे. पण आमच्या गल्लीतली भांडी माझ्याकडे जरा वळूनच बघतात, कारण विमानात बसून परदेशी जाऊन आलेला मी एकटाच!

ॲल्युमिनियमच्या गोल चकतीला यंत्राखाली दाबून मला पोट दिलं, घासून चमक दिली आणि मी यवतमाळच्या भांड्यांच्या दुकानात आलो. मैनाबाईंनी मला टकटक वाजवून पाहिलं आणि घरी आणलं. त्यांची मुलगी समीक्षा तेव्हा शाळेत जात होती. रोज घरच्या तुरीचं वरण माझ्यात शिजायचं. बबनराव शेतातून आले की दारातूनच विचारायचे, "शिट्टी झाली काय वं?" आणि मग पाय धुवायला जायचे. गल्लीतल्या बायका वरणाची तारीफ करायच्या, तेव्हा मैनाबाई माझ्याकडे बोट दाखवायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

समीक्षा यवतमाळला नर्सिंग शिकली. मग तिनं जर्मन भाषेचा क्लास लावला. एक दिवस तिला जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात नोकरी लागली. बॅग भरताना मैनाबाईंनी मला पुढे केलं.

"आई, वजन होते ना याचं," समीक्षा म्हणाली.

"होऊ दे. तिथं कोण देईन तुले वरण-भात?" असं म्हणत त्यांनी माझं पोट तुरीच्या डाळीनं गच्च भरलं.

मला फार अभिमान वाटला. आता या पोरीला परक्या गावात जेवू घालायचं ते आपणच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तिथल्या स्वयंपाकघरात शेगडी म्हणजे नुसती काळी काच होती. समीक्षानं डाळ धुतली, हळद घातली, मला काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं. काच टीं-टीं वाजली आणि बंद पडली. तिनं मला सरकवलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. तेवढ्यात तिच्यासोबत राहणारी केरळची नर्स आली आणि हिंदीत म्हणाली, "ये चूल्हा सिर्फ लोहे-स्टील को पहचानता है. तुम्हारा कुकर इसपे कभी गरम नहीं होगा."

समीक्षा माझ्या झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी काय करणार होतो? माझ्या पोटात डाळ भिजत होती आणि मी थंडगार होतो. त्या दिवशी ती पाव खाऊन झोपली.

पुढे माझ्यात कांदे-बटाटे ठेवले जाऊ लागले. घरी बोलताना फोन टेकवायला काहीतरी लागतं, म्हणून ती मला टेबलावर घ्यायची. तेवढंच काय ते माझं काम. त्यामुळे तिचं सगळं बोलणं मी ऐकलं. जे ती बोलत नव्हती, तेही मला दिसत होतं.

क्लासमधलं जर्मन वेगळं आणि म्हाताऱ्यांचं बोलणं वेगळं. कवळी काढून ठेवलेले आजोबा काय मागतात, तिला कळायचं नाही. एका आजीनं तर तिचा हात झटकून टाकला होता. ट्राम चुकायची. रविवारी दुकानं बंद, हे माहीत नसल्यानं पहिला रविवार उपाशीच गेला. हिवाळ्यात तर दुपार सरते न सरते तोच अंधार. ती भांडी घासता घासता जर्मन शब्द मोठ्यानं घोकायची आणि घोकता घोकता रडायची.

फोनवर मात्र हसू असायचं.

"जेवली काय वं?" मैनाबाई विचारायच्या.

"हो ना आई, वरण शिजून राह्यलं."

"मंग शिट्टी काहून ऐकू नाही येत?"

समीक्षानं तोंड वळवलं आणि ओठांनी शिट्टीचा आवाज काढला. मैनाबाई खूश झाल्या. मग रोजच ती शिट्टी वाजू लागली. मी समोर बसलेला, आणि माझ्या वाट्याची शिट्टी तिच्या तोंडून! एकदा बबनराव फोनवर आले आणि हळूच म्हणाले, "समी, तुया कुकरले सर्दी झाली वाटते. आईले नाही सांगत मी. पण तू खात जाय बाप्पा काहीतरी." समीक्षा हसली आणि तिला हुंदका आला.

हळूहळू तिचं बस्तान बसलं. हात झटकणारी आजी तिला "झमिक्शा" अशी हाक मारू लागली. तिनं स्टीलचं पातेलं आणलं आणि त्यात ती डाळ शिजवू लागली. मला वाईट वाटलं, पण ती जेवत होती.

आणि तेव्हाच बबनरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समीक्षानं सुट्टी मागितली. पण राहण्याच्या परवान्याचे कागद कचेरीत अडकलेले होते. आत्ता देश सोडला, तर परत येता येईल याची कुणी खात्री देईना. नोकरी गेली तर बाबांच्या औषधाचं काय? ती थांबली.

दिवसभर ती परक्या आजोबांना चमच्यानं भरवायची. घरी आली की फोन मला टेकवून आईला शिकवायची. "आई, त्यांले निजवून नको भरवू. बसव. वरण घट्ट कर, पातळ झालं की ठसका लागते. घास गिळला का ते पाह्य, मगच दुसरा."

एकदा लाइपझिगला दुपार होती आणि महागावात दिवेलागण. मैनाबाईंनी घास दिला आणि बबनरावांना जोराचा ठसका लागला. खोकता खोकता त्यांचा आवाजच बंद झाला.

"आई, पुढं वाकव त्यांले! पाठीवर मार, जोरानं! आई!"

पडदा गोठला. बबनरावांचा उघडा जबडा आणि मैनाबाईंचा वर उचललेला हात, एवढंच दिसत राहिलं. समीक्षा पुन्हा पुन्हा फोन लावत होती. लागत नव्हता. तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मला वाटलं, आपल्याला हात असते, वाचा असती तर! पण मी नुसतं एक भांडं.

अखेर फोन लागला. "निंगाला घास," मैनाबाई रडत म्हणाल्या. "श्वास घेऊन राह्यले." समीक्षा जमिनीवर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली.

उन्हाळ्यात परवाना हाती आला. ती मला घेऊन महागावला आली. गॅसच्या निळ्या ज्योतीवर माझं बूड तापलं आणि माझी शिट्टी झाली. समीक्षानं आपल्या हातानं बाबांना भरवलं. त्यांनी घास तोंडात धरला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. बोलता काही येत नव्हतं. सुट्टी संपली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तिची ओढणी धरली. ती मैनाबाईंनी एकेक बोट उकलून सोडवली.

समीक्षा आता लाइपझिगलाच आहे. मी इथे रोज बबनरावांची मऊ खिचडी शिजवतो. फोन आला की मैनाबाई तो त्यांच्यासमोर धरतात. ते समीक्षाकडे बघतच नाहीत. ती येईल म्हणून ते दाराकडे बघतात.

मित्रांनो, तुमच्याही घरचं कुणी दूर गेलं असेल. "जेवलास का, जेवलीस का" असं तुम्ही त्यांना विचारत असालच. पण "हो" ऐकलं की लगेच फोन ठेवू नका. जरा थांबा. त्यांना आणखी काही सांगायचं असतं, आणि ते त्यांना पटकन सांगता येत नाही.