चालती सुई

प्रयोगशाळेत त्याला सगळे सुईवाला म्हणत. टंगस्टनच्या तारेला तो असं टोक काढायचा, की त्यावर उभं राहायला मुंगीला पाच पाय वर धरावे लागले असते. त्या टोकावर तो गॅलियम चढवायचा, म्हणजे तळहातावर ठेवला तरी पाणी होणारा धातू. मग हवा उपसलेल्या नळकांड्यात सुई बसवून हजारो व्होल्ट दिले, की टोकावरचा धातू ताणला जाऊन त्यातून आयनांचा झोत सुटायचा. इतका बारीक, की एका केसावर अख्खं गाव कोरून वर दारांना कड्याही बसवाव्यात.

सुटायचा म्हणजे, एकाच सुईतून सुटायचा. बाकीच्या सुयांनी डबा भरला होता. सगळ्या जन्माच्या मुक्या.

"एक चालली, तो योगायोग," साहेब म्हणाले. "तशीच दुसरी करून दाखवा. या महिन्यात जमलं नाही, तर तुमचा विभाग बंद."

त्याने जंग जंग पछाडलं. तीच तार, तेच रसायन, तीच भट्टी, हातही तेच. पण गॅलियम सुईला धरेचना. गोळी होऊन रुसलेल्या जावयासारखा कडेला बसायचा.

शेवटी त्याने ठरवलं, चालती सुईच बाहेर काढून बघायची. हिच्यात असं आहे तरी काय?

पंप सांभाळायला त्याचा मेहुणा होता. तो म्हणाला, "भाऊजी, हवा लागली की साय धरेल तिच्यावर. चालतंय ते चालू द्या की."

"मग दुसरी कशी करू? तुझ्या ताईला विचारून?"

"ताईला विचारलं असतंत, तर या धंद्यात पडलाच नसतात."

दोघंही हसले. मग मेहुण्याने झडप उघडली आणि हवा आत शिरली.

सूक्ष्मदर्शकाखाली सुईवाल्याने ओरखडा शोधला, खाच शोधली. काही नव्हतं. डब्यातली एक मुकी सुई शेजारी ठेवून पाहिली, मग आणखी एक. सख्ख्या बहिणी नुसत्या.

चालती सुई परत बसवली, हवा उपसली, तापवली, व्होल्ट चढवले. झोत मोजणारा काटा हलला नाही. पुन्हा तापवली. तापवून तापवून होता तो धातूही उडून गेला.

दुपारी साहेब डोकावले. "झाली का दुसरी?"

"नाही. पण आता सगळ्या एकसारख्या झाल्यात, साहेब."

साहेब निघून गेले. मेहुणा पंप बंद करायला उठला.

"राहू दे चालू," सुईवाला म्हणाला.

"आत काय उरलंय, भाऊजी?"

"एवढ्या लवकर घरी गेलो, तर दारातच तुझ्या ताईला कळेल."

मेहुणा परत खाली बसला. पंप घरघरत राहिला.